लिव्हर-अ‍ॅक्शन .२२ : शेवटच्या चार गोळ्या वर येत नाहीत, आणि दर पावसाळ्यात तेच

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा आजार तोच आहे की वेगळा हे लगेच कळेल.

ट्यूब मॅगझिनची .२२ लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे गोळ्या नळीखालच्या ट्यूबमध्ये, आणि चापाभोवतीची लिव्हर हलवून पुढची गोळी वर आणायची. १५ गोळ्या भरल्या. पहिल्या दहा-अकरा सुरळीत सुटल्या. मग लिव्हर पुढे ढकलली, परत ओढली, नेम धरला, चाप दाबला आणि नुसतं ‘टक’. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, रिकामं. पुन्हा लिव्हर मारली तर कधी गोळी येते, कधी अर्धी वर येऊन नाक चेंबरच्या कडेला टेकवून अडून बसते. नळी लक्ष्याकडेच ठेवून पुढची बाजू जरा उचलली की पुढच्या दोन येतात, मग पहिले पाढे पंचावन्न. साफसफाई केली की महिनाभर बरं. जून उजाडला की पुन्हा सुरू.

मला हा त्रास २०२२, २०२३ आणि २०२४ असे तीन पावसाळे झाला. तिन्ही वेळा वेगळा उपाय केला, तिन्ही वेळा तो लागू पडला असं वाटलं, आणि तिन्ही वेळा मी चुकलो होतो. २०२५ चा पावसाळा जवळजवळ निभावला, म्हणून आता लिहायला बसलोय.

रायफल आजोबांची. गिरगावात त्यांचा छोटा छापखाना होता आणि रत्नागिरीकडे बाग. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी ती बागेत सशांच्या मागे फिरली असेल. मी मात्र तिला कायम कपाटाच्या कोपऱ्यात नाहीतर खंडेनवमीला पाटावरच बघितलं. हा पाट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आजोबांच्या पश्चात परवान्याचे सगळे सोपस्कार होऊन ती माझ्याकडे माहीमला आली. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, वास मात्र येतो. बनावटीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता, आणि या धाटणीच्या रायफली दोन-चार कंपन्यांनी थोड्याफार फरकाने काढलेल्या आहेत.

कितवी गोळी?

यंत्रणा डोळ्यांसमोर नसेल तर पुढचं सगळं हवेत जाईल. मुख्य नळीच्या खाली एक बारीक नळी असते, ती बाहेरची ट्यूब. तिच्यात पुढच्या तोंडाकडून पितळी आतली ट्यूब सरकते. आतल्या ट्यूबमध्ये लांब स्प्रिंग आणि टोकाला फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना मागे ढकलणारा छोटा दट्ट्या. भरताना आतली ट्यूब वर ओढायची, बाहेरच्या ट्यूबच्या खिडकीतून गोळ्या एकेक करून बुडाच्या बाजूने सोडायच्या, आणि आतली ट्यूब परत दाबून फिरवून अडकवायची. ती गोळ्यांवरून म्यानासारखी खाली येते आणि स्प्रिंग दाबली जाते. लिव्हर पुढे गेली की बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, ट्यूबमधली एक गोळी कॅरिअरवर येते. कॅरिअर तिला पाळण्यासारखं उचलतो आणि लिव्हर परत येताना बोल्ट तिला चेंबरमध्ये सारतो.

आता स्प्रिंगचा स्वभाव आठवा. जितकी दाबलेली तितका जोर जास्त. १५ गोळ्या असताना ती पूर्ण आवळलेली असते; शेवटच्या तीन-चार उरतात तेव्हा जेमतेम ढकलण्यापुरती उरते. म्हणून ‘अडकते’ एवढंच सांगून काही उपयोग नाही. कितवी गोळी अडकते ते सांगा.

हे मला फार उशिरा सुचलं. नेमबाजीच्या रेंजवर जाताना खिशात छोटी वही ठेवायला लागलो. प्रत्येक भरणाला किती गोळ्या होत्या आणि कितवीला अडली, एवढंच. पाच-सहा भरणांनंतर वही बोलायला लागते. अडचण कायम शेवटच्या चारांत असेल तर फॉलोअरला कुठेतरी घर्षण आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. पहिल्या दोन-तीनांत असेल तर ट्यूब ठासून भरली आहे किंवा स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे, आणि मागची गोळी पुढचीला कॅरिअरवर नीट बसू देत नाही. कधी तिसरी, कधी नववी, कधी तेरावी असा काही नेमच नसेल तर आरशात बघा. बहुतेक वेळा तुमचाच हात लिव्हर पूर्ण मारत नाहीये. त्याबद्दल पुढे. आणि गोळी वर येते पण आधीची पुंगळीच बाहेर पडत नाही, असं असेल तर तो वेगळाच प्रश्न आहे: एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढणारा आकडा), इजेक्टर (ती बाहेर उडवणारा भाग) किंवा चेंबरमधला मेणाचा थर. त्याचा ट्यूबशी संबंध नाही, उगाच ट्यूब उचकटू नका.

तीन उपाय, तीन चुका

२०२२ मध्ये मी काडतुसांना दोष दिला. सगळेच देतात, कारण ती बदलणं सोपं असतं. .२२ च्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. स्पर्धेसाठीच्या काडतुसांवर ते जास्तच, हाताला चिकटेल इतकं. मी कोरड्या वंगणाची काडतुसं घेतली आणि नव्याच्या उत्साहात रायफलही जरा पुसली. महिनाभर एकही अडकली नाही. काडतुसांचाच दोष, असं दोन मित्रांना छातीठोक सांगितलं. त्यातल्या एकाने माझं ऐकून चांगली काडतुसं विकायला काढली होती. तो अजून टोमणे मारतो.

२०२३ मध्ये स्प्रिंग. ती जुनी, दमलेली असणार असं वाटलं, म्हणून बाहेर काढून हातभर ओढून लांब केली. हे करू नका. शेवटच्या चार गोळ्या यायला लागल्या हे खरं, पण आता पहिली आणि दुसरी अडायला लागल्या. आजार बरा झाला नव्हता, ट्यूबच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला होता. तेव्हा वही नव्हती, म्हणून मला वाटलं सगळंच बिघडलं. शेवटी परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडून नवीन, योग्य लांबीची स्प्रिंग बसवून घेतली. ती बसवताना त्याने अर्थातच ट्यूब आतून पुसली. पुन्हा सगळं ठीक. ऑक्टोबरपर्यंत तर एकदम ठीक, कारण ऑक्टोबरात माहीमची हवा पावसाळ्यापेक्षा कोरडी पडते.

२०२४ हे निवडणुकांचं वर्ष. मुंबईत लोकसभेचं मतदान २० मे ला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करायची नोटीस आली की करावं लागतं. माझं दोन्ही वेळा जमा झालं. पहिल्या वेळी देताना मी शहाणपणा केला: तिकडे किती दिवस पडून राहील कोण जाणे, म्हणून सगळीकडून भरपूर तेल फवारलं, लिव्हरच्या फटीतून, ट्यूबच्या खिडकीतून, दिसेल तिथे, आणि कॅनव्हासच्या कव्हरात घालून दिली. जूनमध्ये परत आली तेव्हा कव्हर ओलसर, आतून कुबट वास, आणि लिव्हर डिंकातून फिरल्यासारखी फिरत होती. यात तिथल्या कोणाचा दोष नाही. कव्हर माझं, तेल माझं, अक्कलही माझीच.

मग मी त्याच्यावर अजून तेल फवारलं. हा तिसरा उपाय.

‘मग ही कोण, पाहुणी?’

त्या ऑगस्टमध्ये वरळीच्या रेंजवर सराव संपवून मी रायफल रिकामी करत होतो. आतली ट्यूब पूर्ण बाहेर काढली, नळी खाली कलती केली, दोन गोळ्या पडल्या. चार वेळा लिव्हर मारली, टॉर्च मारून चेंबर बघितलं. काही नाही. ‘रिकामी’ असं म्हणालो आणि लिव्हर उघडी ठेवून बाजूला झालो. शेजारी एक वयस्क नेमबाज काका होते. जन्मभर बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात गेलेला माणूस. त्यांनी जुनी चीज बघायची म्हणून रायफल हातात घेतली, नळी लक्ष्याकडे धरून पुढची बाजू जरा उचलली आणि बाहेरच्या ट्यूबवर बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारल्या. आतून काहीतरी सरकलं. एक अख्खी, जिवंत गोळी घरंगळत कॅरिअरवर आली.

‘तू रिकामी म्हणालास ना?’

‘हो, काका.’

‘मग ही कोण, पाहुणी?’

मला घाम फुटला. ती गोळी ट्यूबच्या तळाशी चिकटून बसली होती. कलती केल्यावर पडली नाही, लिव्हर मारल्यावर आली नाही. घरी जाताना टॅक्सीच्या धक्क्यांनी सुटली असती तर घरी गेल्यावर मी लिव्हर मारून चाप दाबून बघितला असता. बघितला असताच, कारण तशी सवय होती. ती सवयही वाईटच: रिमफायर रायफलीत (.२२ सारख्या, जिथे काडतुसाच्या कडेवर घाव बसतो), खासकरून जुन्यात, रिकाम्या चेंबरवर चाप दाबला की घाव घालणारी फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो.

म्हणून ट्यूबमधली घाण ही फक्त कटकट समजू नका. ट्यूब चिकट असेल तर ‘पडली नाही’ आणि ‘नाही’ यात फरक आहे. तेव्हापासून माझी पद्धत अशी: आतली ट्यूब पूर्ण काढायची, नळी खाली करून गोळ्या ओतायच्या, बाहेरच्या ट्यूबवर टिचक्या मारायच्या, नळी वर करून पुन्हा टिचक्या, मग सहा-सात वेळा पूर्ण लिव्हर, मग बाहेरच्या ट्यूबमध्ये पुढून लाकडी काठी घालून ती शेवटपर्यंत जाते का ते बघायचं. काठीवर एक खूण करून ठेवली आहे. खूण तोंडाशी आली म्हणजे तळाशी कोणी बसलेलं नाही.

लाल काय होतं

काकांनीच सांगितलं, ट्यूब आतून कोरड्या कापडाने पुसून ते कापड मला दाखव. पांढऱ्या सुती कापडाची पट्टी काठीला गुंडाळून आत फिरवली. पहिली पट्टी काळी-हिरवी आली. हिरवं कळलं: पितळेवर मेण आणि दमट हवा बसली की हिरवट कळंक येतोच. दुसरी आणि तिसरी पट्टी मात्र लाल-तपकिरी. गंज, दुसरं काय! पट्ट्या ओट्यावर ठेवून मी कपाळाला हात लावला.

आई चहा करत होती. तिने पट्टी उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, ‘हा गंज नाही रे. कुंकू आहे.’

विश्वास बसेना. तिने ओट्यावरच्या लिंबाची अर्धी फोड त्या लाल डागावर पिळली. कडेचा भाग बघता बघता पिवळा झाला. हळदीला चुना लावून केलेलं कुंकू आंबट लागलं की परत हळदीवर येतं. आमच्याकडे कुंकू अजून त्याच पद्धतीचं आणतात. बाजारातलं रंग घातलेलं कुंकू असतं तर ही परीक्षा फसली असती. मधला तपकिरी डाग तसाच राहिला. तो खरा गंज. म्हणजे दोन्ही होतं.

आता पाट आठवा. दर खंडेनवमीला रायफल पाटावर, हळद-कुंकू, फूल, अक्षता. आधी आजोबा, मग बाबा, मग मी. पूजेच्या आधी लखलखीत दिसावी म्हणून तेलाचा हात. लाकडी दस्त्याला आजोबा जवसाचं तेल लावायचे, आणि ते बरोबरच आहे, लाकडाला ते चांगलं. पण जवसाचं तेल हवेत सुकून रोगणासारखं घट्ट होतं. म्हणून तर ते लाकडाला लावतात! तेच तेल बोटांनी, फडक्याने लोखंडावर आणि लिव्हरच्या सांध्यात गेलं की तिथेही रोगणच होणार. त्यावर कुंकवाची भुकटी. त्यावर माझं फवारलेलं पातळ तेल, जे हे सगळं भिजवून वाहतं करतं. आणि रायफल कपाटात नळी खाली करून उभी.

नळी खाली ठेवायचा सल्ला मला जाणत्या लोकांनीच दिला होता: तेल दस्त्याच्या लाकडात मुरून लाकूड मऊ पडू नये म्हणून. साध्या बोल्ट-अ‍ॅक्शनला, म्हणजे बोल्ट हाताने मागे-पुढे करायच्या रायफलीला, तो ठीक आहे. ट्यूब मॅगझिनच्या रायफलीत मात्र अ‍ॅक्शनमधलं, म्हणजे बोल्ट-कॅरिअरच्या यंत्रणेतलं, जास्तीचं तेल थेट ट्यूबच्या उघड्या तोंडात उतरतं. उन्हाळाभर ते उतरत राहिलं, पावसाळ्यात त्या खळीने आणि हळदीच्या भुकटीने दमट हवा प्यायली, आणि फॉलोअर घट्ट झाला. १५ गोळ्यांच्या वेळी स्प्रिंगला जोर असतो म्हणून निभावलं, शेवटच्या चारांना तो उरला नाही. काडतुसं बदलली तेव्हा मी रायफल पुसली होती. स्प्रिंग बदलली तेव्हा कारागिराने ट्यूब पुसली होती. बरं वाटत होतं ते त्या पुसण्याने.

१८६० च्या हेन्री रायफलीत ट्यूबला खालून लांब फट होती आणि तिच्यातून धूळ आत जायची, अशी तक्रार तेव्हापासूनची आहे. आमच्या घरी धुळीच्या जागी कुंकू, एवढाच फरक.

साफ कशी केली

काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मगच रायफल टेबलावर.

हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घेतलं. गॅस बंद, खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा शांत झाल्याची खात्री. आतली पितळी ट्यूब उघडून फॉलोअर बाहेर काढायचा मोह झाला होता, पण तिच्या टोकाची पिन काढताना ट्यूब चेपली तर गोळ्या कायमच्या अडकतील. ती मी उघडली नाही. अख्खी ट्यूब टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवली आणि दर थोड्या वेळाने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फॉलोअर आत दाबून सोडत राहिलो. पहिल्यांदा सोडल्यावर तो आळसावल्यासारखा परत यायचा. चार-पाच बुडवण्यांनंतर टणकन परत यायला लागला. तो आवाज ओळखा; तुमची परीक्षा तीच आहे. जवसाचं सुकलेलं तेल टर्पेंटाइनला सहजी दाद देत नाही, दोन दिवस जातात, घाई करून सँडपेपर घालू नका. टर्पेंटाइन दस्त्याच्या पॉलिशलाही लागू देऊ नका.

बाहेरची ट्यूब कापडाच्या पट्ट्यांनी पुसली, पांढरी पट्टी पांढरी येईपर्यंत. मला सतरा लागल्या. मग एक झाडलेली पुंगळी तिच्यात सोडून रायफल हळूहळू कलती केली. ती मध्ये कुठेही न थांबता सळसळत तळाशी गेली पाहिजे. माझी आधी एका जागी थांबत होती, बरोबर खिडकीच्या खाली, जिथून अक्षता-कुंकू आत गेलं असणार.

शेवटी तेल. ट्यूबच्या आत काहीही नाही, कोरडी. लिव्हरच्या सांध्यावर आणि बोल्टच्या सरकण्याच्या जागेवर एकेक थेंब. बाहेरच्या लोखंडावर तेलकट फडक्याचा हात, आणि मग तो हात कोरड्या फडक्याने परत पुसायचा. खोबरेल नको, स्वयंपाकाचं कुठलंच नको. शिवणयंत्राचं तेल नडीला चालतं, पण पावसाळ्यात आठवड्याने पुन्हा लावावं लागतं.

पुसणं, धुणं, तेल एवढं घरचं काम. घासणं, कापणं, पिना ठोकणं, भाग बदलणं परवानाधारक कारागिराचं. कायद्यानेही आणि शहाणपणानेही.

उरलेल्या अडचणी माझ्या हाताच्या होत्या

साफ केल्यावर वहीत शेवटच्या चारांतली नोंद गेली. तरी मधूनच एखादी अडायची, कधी पाचवी, कधी बारावी. म्हणजे हात.

लिव्हर शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत पुढे गेली पाहिजे. इजेक्टर शेवटच्या टप्प्यावर पुंगळी उडवतो, आणि कॅरिअरवर गोळी यायचं कामही तिथेच पुरं होतं. अर्ध्या बोटाचा कंजूषपणा केला की पुढची गोळी येत नाही. उभ्याने मी कधीच चुकत नव्हतो. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून झाडताना चुकायचो. कारण हास्यास्पद निघालं: लिव्हर खाली जाताना बाकाला आपटते, आणि आपटू नये म्हणून हात आपोआप आखडता घेतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. पुढची पिशवी एक वीत उंच केली, लिव्हरखाली मोकळी जागा ठेवली, आणि अडणं थांबलं. पालथं झोपून झाडताना हीच गत चटईशी होते. तेव्हा रायफल जराशी उजवीकडे कलती करून लिव्हर मारावी लागते, नळी मात्र लक्ष्यावरून हलता कामा नये.

आणि लिव्हर अर्ध्यात अडली तर ताकद लावू नका. रिमफायरचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत असतो. अडकलेली गोळी बोल्टच्या दट्ट्याने चेपायची ती जागा नाही. नळी पुढे, बोट चापाबाहेर, ट्यूब काढा, मग सावकाश.

इथे कोणी तरी विचारतंच: ही घेऊन स्पर्धेत उतरता येईल का? २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकल्यापासून तर जास्तच. नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात एका वेळी एकच गोळी हाताने भरायची रायफल लागते. मॅगझिनवाली चालत नाही. लिव्हर-अ‍ॅक्शन सरावाला, मजेला. ५० मीटरवर माझे दहा फटके चहाच्या बशीत बसतात आणि मला तेवढं पुरतं.

पावसाळ्यापुरतं

जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि समुद्राजवळ वर मीठ. रायफल कव्हरात ठेवू नका, कातड्याच्या तर मुळीच नाही. कातडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार लोखंडाला लावतं. कव्हर फक्त प्रवासाला. मी ती आता कुलूपबंद लोखंडी कपाटात आडवी ठेवतो, म्हणजे तेल कुठे उतरायचा प्रश्नच नाही. कपाटाच्या तळाला जुना झीरोचा बल्ब, लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून फोटोग्राफर लावतात तसा. हवा दोन-तीन अंश गरम राहिली की तिची आर्द्रता उतरते. एलईडीचा झीरो बल्ब उपयोगाचा नाही, तो तापत नाही. सोबत शंभर रुपयांचं आर्द्रतामापक. काटा ५५ च्या वर गेला की सिलिका जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवून परत ठेवतो. काडतुसं वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पूर्वी तो चकलीचा होता.

खंडेनवमीची पूजा चालूच आहे, आई ती बंद करू देणार नाही आणि मलाही करायची नाही. आता लिव्हर बंद, ट्यूबची खिडकी चिकटपट्टीने झाकलेली, आणि कुंकवाचं बोट दस्त्याच्या पितळी पट्टीवर. अक्षता पाटावर.

रत्नागिरीचा आतेभाऊ दर मे महिन्यात म्हणतो, ‘दादा, ती घेऊन ये ना, रानडुकरांनी सुरण उकरून ठेवलाय.’ शिकारीला बंदी आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याची लेखी परवानगी मिळवायची असते, आणि मिळाली तरी ज्याच्या नावाचा परवाना आणि ज्या क्षेत्राचा परवाना त्याच मर्यादेत. शिवाय .२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी रानडुकराला जखमी करेल, मारणार नाही, आणि जखमी डुक्कर सुरणापेक्षा महाग पडतं. अमेरिकेत लोक डुकराला .३०-३० या मोठ्या काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन वापरतात, तिचंही एक पथ्य आहे: ट्यूबमध्ये एका गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, थेट प्रायमरला (घाव बसला की पेटणाऱ्या टोपीला) टेकतं, म्हणून तिथे कडक टोकाची गोळी कधीच घालत नाहीत, बहुधा चपट्या नाकाची घालतात. आतेभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग कुंपण घालतो.

वहीतली शेवटची नोंद गेल्या रविवारची आहे: तीन भरणे, ४५ गोळ्या, एक अडली, आठवी. बाकावर पिशवी परत खाली सरकली होती. पुंगळ्या मात्र पूर्वीसारख्या जोरात उडत नाहीत, दोन तर अ‍ॅक्शनमध्येच पडल्या. इजेक्टरची स्प्रिंग असावी. कारागिराला दाखवायची आहे, तो गणपतीनंतर बघतो म्हणालाय.